उन्हाची इशारा पातळी कोण ठरवणार?

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कोणालाही विचारले, तरी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे हे तो न अडखळता सांगतो. राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा वाढू लागला की आंबेवाडी आणि चिखलीचे लोक जनावरे हलवण्याच्या तयारीला लागतात, शहरातल्या सुतारवाड्यातली कुटुंबे सामान बांधतात, शाळांचे वर्ग स्थलांतरितांसाठी मोकळे केले जातात आणि तरुण मंडळांची पोरे बोलावण्याची वाट न पाहता कामाला लागतात. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी या जिल्ह्याला ही शिस्त लावली. संकट कोणत्या आकड्यापासून सुरू झाले असे मानायचे हे आधी ठरलेले असते आणि त्या आकड्याला कोणी काय करायचे हेही ठरलेले असते, म्हणून माणसे वाचतात.

उन्हाळ्यासाठी या जिल्ह्याच्या लोकांच्या तोंडी असा एकही आकडा नाही. मार्च उजाडला की वर्तमानपत्रांतून आणि दवाखान्यांच्या भिंतींवरून सूचना झळकू लागतात: भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, डोके झाका. यातली प्रत्येक सूचना योग्य आहे. परंतु दुपारी बाहेर पडायचे की नाही हे ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठीच ती उपयोगाची आहे. मार्केट यार्डातल्या हमालाच्या, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराच्या किंवा स्लॅबच्या कामावरच्या बिगाऱ्याच्या हातात ती निवड नाही, कारण काम थांबले की त्या तासाची मजुरीही थांबते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, कोल्हापूरने उष्णतेची स्वतःची इशारा पातळी ठरवावी आणि ती ओलांडली गेली की मजुरीसह विश्रांती, सावली, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या गोष्टी काम देणाऱ्यावर आणि महापालिकेवर बंधनकारक व्हाव्यात. उन्हापासून वाचण्याची सगळी जबाबदारी उन्हात उभ्या असलेल्या माणसावरच टाकणे अन्यायाचे आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की, उष्णतेच्या लाटेचे निकष भारतीय हवामान विभागाने ठरवलेलेच आहेत, मग वेगळी पातळी कशासाठी? ते निकष नीट पाहिले पाहिजेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान 40 अंशांवर गेले आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा 4.5 अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर लाट मानली जाते. पारा थेट 45 अंशांवर गेला तर सरासरीकडे न पाहता लाट मानली जाते. शिवाय एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते. कोल्हापूरचे एप्रिलमधले सरासरी कमाल तापमान 37 अंशांच्या आसपास असते. म्हणजे या निकषाने इथे लाट ठरण्यासाठी पारा जवळजवळ 42 अंशांपर्यंत जावा लागेल, आणि तसे क्वचितच घडते. त्यातही कोल्हापूर ज्या 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात मोडते, त्याच उपविभागात जळगाव आणि धुळेही आहेत. खानदेशाचा उन्हाळा आणि करवीरचा उन्हाळा यांत किती अंतर आहे हे दोन्हीकडे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. हवामान विभागाची यात चूक नाही. संपूर्ण देशाला लावायची मोजपट्टी अशीच ढोबळ असणार. पण खुद्द हवामान विभागानेही किनारपट्टीसाठी 37 आणि डोंगराळ भागासाठी 30 अंश असा वेगळा उंबरठा धरला आहे. धोक्याचा आकडा जागेप्रमाणे बदलतो हे तत्त्व तिथे मान्यच झालेले आहे. ते जिल्ह्याच्या पातळीपर्यंत आणणे एवढेच उरले आहे.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती आहे आणि तो कोल्हापुरात सर्रास ऐकू येतो. चंद्रपूर, अकोल्याची माणसे 45 अंशांत जगतात, आपल्याकडे 39 ला एवढे काय घाबरायचे, शिवाय चार दिवस उकडले की वळीव येतोच. या बोलण्यामागे आपल्या हवेविषयीचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष धोक्याचा आहे. उष्णता सोसण्याची क्षमता शरीर सवयीने कमावते. रोज उन्हात काम करू लागल्यावर साधारण एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर आणि अधिक सुटू लागतो, घामातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. ज्या गावात उन्हाळा सौम्य असतो तिथल्या शरीरांना, घरांना आणि कामाच्या वेळापत्रकांना ही सवय नसते. विदर्भात दुपारी बाजारपेठा ओस पडतात, कूलर घरोघरी असतो, कामे पहाटे उरकली जातात. कोल्हापूरची दुपार मात्र मे महिन्यातही डिसेंबरसारखीच गजबजलेली असते. त्यामुळे एरवी 36–37 अंशांत वावरणाऱ्या शहरात अचानक आलेला 40 अंशांचा दिवस कमी धोक्याचा ठरत नाही.

याचा सर्वांत दुःखद पुरावा महाराष्ट्राने 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानावर पाहिला. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे श्रद्धेने आली होती, उघड्या मैदानावर तासन्‌तास बसली होती, आणि त्यांपैकी 14 जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशी नवी मुंबई परिसरात नोंदलेले तापमान 38 अंशांच्या आसपास होते. आकडा भयंकर वाटण्यासारखा नव्हता. हवेतला दमटपणा, डोक्यावरचे ऊन, गर्दी आणि सावलीचा अभाव हे सारे त्याला येऊन मिळाले. 38 हा आकडा कोल्हापूरकर दरवर्षी पाहतात आणि त्याला उन्हाळा म्हणून सोडून देतात.

केवळ पारा पाहून धोका का कळत नाही हे थोडे समजून घ्यायला हवे. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर, पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. माणूस मात्र तापलेल्या डांबरावर किंवा पत्र्याखाली उभा असतो. त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून गरम झाली की शरीरातली उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेतलीच शरीराला मिळू लागते, आणि मग थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. हवा दमट असेल तर घाम निथळतो पण वाळत नाही, आणि जो घाम वाळत नाही तो शरीराला थंड करत नाही. एप्रिलच्या मध्यापासून कोल्हापुरात नेमके हेच होते. दुपारी आभाळ भरून येते, वारा पडतो, जीव कासावीस होतो आणि वळीव कधी कोसळतो याकडे सगळे डोळे लावून बसतात. ज्या दिवशी वळीव हुलकावणी देतो त्या दिवशीची ती कोंडलेली दुपार 37 अंशांची असली तरी कोरड्या 41 पेक्षा शरीराला जड जाऊ शकते. त्यात कष्टाचे काम करणाऱ्याचे स्नायू स्वतःची उष्णता तयार करत असतात. म्हणून इशारा पातळी ठरवताना तापमानाच्या जोडीला आर्द्रता धरली पाहिजे. निव्वळ पाऱ्यावर ठरवलेली पातळी इथे फसवी ठरेल.

वेळेचाही एक मुद्दा सूचनांमध्ये निसटतो. दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, असे सांगण्याचा प्रघात आहे. कोल्हापूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तोच साडेबाराच्या सुमारास. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते. जमीन तापून हवा तापायला आणखी दोन-अडीच तास लागतात. तीन वाजता माणूस पुन्हा कामाला उभा राहतो ती वेळ बहुतेकदा दिवसातल्या सर्वाधिक तापमानाची असते. इथली विश्रांतीची वेळ साडेबारा ते चार अशीच धरली पाहिजे.

आता ही विश्रांती कोणाला मिळत नाही ते पाहू. इचलकरंजीत यंत्रमागांचे शेड बहुतांश पत्र्याचे असतात. सूत तुटू नये म्हणून आत दमटपणा राखावा लागतो आणि वाऱ्याने धागा हलू नये म्हणून खिडक्या-पंख्यांवर मर्यादा येते. मोटारींची उष्णता त्यात भर घालते. म्हणजे शरीराला घातक असणाऱ्या दोन्ही गोष्टी, उष्णता आणि दमटपणा, कापडाच्या गरजेसाठी एकाच छपराखाली कोंडलेल्या असतात, आणि त्यात माणूस बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर, पिकाच्या म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशेबाने मिळते. माग थांबवून घोटभर पाणी प्यायला जाणे म्हणजे तेवढ्या मीटरचे पैसे सोडणे. अशा कामगाराला 'दर वीस मिनिटांनी पाणी प्या' असे सांगताना आपण त्याला त्याच्याच खिशातून विश्रांती विकत घ्यायला सांगत असतो. शेडबाहेरचा पारा 38 दाखवत असताना आत किती होते याची नोंद कोणीच ठेवत नाही. प्रत्येक शेडमध्ये तापमान आणि आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र लावायला फार खर्च येत नाही, आणि माझ्या मते सुधारणेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, कारण जे मोजले जात नाही त्याच्याविषयी कामगाराला मालकाशी बोलताही येत नाही.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत वितळलेले लोखंड 1400 अंशांच्या आसपास असते. त्या भट्टीसमोर साचे भरणाऱ्या माणसाला डिसेंबरातही घाम फुटतो. एप्रिलात त्याच्यासाठी बाहेरची हवाही निवाऱ्याची राहत नाही. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाड सारणाऱ्याचे आणि काहिलीतल्या उकळत्या रसावर झुकून उभ्या असणाऱ्या गुळव्याचे तेच. ऊसतोडीचा हंगाम मार्चपर्यंत लांबला की बीडकडून आलेली जोडपी भर उन्हात फडात असतात. टनावर पैसे आणि डोक्यावर आगाऊ घेतलेली उचल असल्यामुळे तीही थांबू शकत नाहीत. कोल्हापूरचा गूळ, इथले कास्टिंग आणि इचलकरंजीचे कापड यांनी या जिल्ह्याला नाव मिळवून दिले. त्या नावामागे हे तापलेले कष्ट आहेत, आणि ते सोसणाऱ्यांच्या जिवाची काळजी हा उद्योगाच्या खर्चाचाच भाग मानला गेला पाहिजे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. कपिलतीर्थ मंडईत किंवा लक्ष्मीपुरीत सकाळपासून भाजी घेऊन बसणारी बाई पाणी मुद्दाम कमी पिते, कारण जवळ स्वच्छ स्वच्छतागृह नाही, आणि असले तरी माल सोडून जाता येत नाही. आठवडी बाजारात आलेल्या, रस्त्याच्या कामावर असलेल्या, शेतात भांगलायला गेलेल्या बायकांचेही हेच आहे. पाणी कमी प्यायल्याने घाम कमी सुटतो, लघवी गडद होते, मूत्रमार्गाचे विकार जडतात आणि उष्माघाताचा धोका वाढतो. तिला 'भरपूर पाणी प्या' असे सांगण्याआधी शंभर पावलांवर वापरता येईल असे, पाणी असलेले स्वच्छतागृह उभे करणे हे महापालिकेचे काम आहे. उन्हाळ्याच्या तयारीच्या यादीत पाणपोई नेहमी असते, स्वच्छतागृह नसते. ही उणीव ज्यांच्या लक्षात यायला हवी त्यांच्यात बाजारात दिवसभर बसणारी कोणीच नसते, हे तिचे कारण असावे.

रात्रीचाही विचार केला पाहिजे. दिवसभर तापलेले शरीर रात्रीच्या गारव्यात सावरते. पत्र्याच्या छताचे एका खोलीचे घर रात्री उशिरापर्यंत तापलेले राहते आणि तिथे झोपणाऱ्याचे शरीर दुसऱ्या दिवसाच्या कामाला थकलेलेच उभे राहते. म्हातारी माणसे तर बाहेर न पडताही अशा घरात दगावू शकतात. वय वाढले की तहान कमी जाणवते आणि घामही कमी येतो. रक्तदाबासाठी किंवा पायाची सूज उतरावी म्हणून दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधे, यांनी उष्णता सोसण्याची ताकद आणखी घटते. ती औषधे मनाने बंद करायची नसतात, पण उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांशी एकदा बोलून घेणे आवश्यक असते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराशी दिवसातून दोनदा जाऊन विचारपूस करणे हे काम आशा सेविकांबरोबर गल्लीतली तरुण मंडळे आणि तालमी सहज करू शकतात. पुरात बोटी ओढणाऱ्या मुलांना हे जड नाही.

उष्माघात झालेल्या माणसासाठी पहिली काही मिनिटे निर्णायक असतात आणि त्या मिनिटांत शेजारचाच माणूस डॉक्टर असतो, म्हणून हे नेमके सांगायला हवे. थकवा, पायात गोळे, डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली पायरी आहे. तेव्हा काम थांबवून सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, अंग पुसावे आणि पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरगुती प्रमाण आहे. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी मिठाविषयी डॉक्टरांना विचारून ठेवावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे असे समजून 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबून न राहता त्याला थंड करायला सुरुवात करावी. अंगावर पाणी ओतावे, ओल्या अंगावर वारा घालावा, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवावा. अंग कोरडे असले तरच उष्माघात, असा समज चुकीचा आहे; कष्टाचे काम करणाऱ्याला घामाने भिजलेल्या अवस्थेतही तो होतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापावरची पॅरासिटॅमॉलची गोळी इथे काम करत नाही, कारण हा आजाराने चढलेला ताप नाही. आणि खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीला काहीही आधार नाही. कांदा भाकरीबरोबर जरूर खावा, पन्हे, कोकम सरबत आणि नाचणीची आंबील ही तर आपल्या उन्हाळ्याची उत्तम पेये आहेत. मात्र खिशातल्या कांद्याच्या भरवशावर कोणी भर दुपारी पायपीट करत असेल, तर त्याला स्पष्ट शब्दांत अडवले पाहिजे.

कामावर नव्याने आलेल्या किंवा मोठ्या सुट्टीनंतर परतलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात सर्वाधिक धोका असतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे की, नव्या कामगाराला पहिल्या दिवशी उष्णतेतले काम नेहमीच्या एक पंचमांशच द्यावे आणि रोज तेवढ्याच प्रमाणात वाढवत न्यावे. गावची जत्रा करून दहा दिवसांनी परतलेला सेंट्रिंगचा मजूर आपल्याकडे पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करतो. हा नियम पाळायला पैसा लागत नाही, फक्त मुकादमाला तो ठाऊक असावा लागतो.

स्थानिक पातळी ठरवून काम करण्याची पद्धत देशाला नवी नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादचा पारा 46.8 अंशांवर गेला होता आणि त्या महिन्यात आधीच्या वर्षांच्या तुलनेत 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसले. त्यानंतर 2013 मध्ये त्या महापालिकेने दक्षिण आशियातली पहिली उष्णता कृती योजना आखली आणि शहराच्या स्वतःच्या मृत्यूनोंदींवरून इशाऱ्याचे टप्पे ठरवले: 41 अंशांपुढे पिवळा, 43 पुढे नारिंगी, 45 ला लाल. ओडिशाने 1998 च्या लाटेत दोन हजारांहून अधिक माणसे गमावली आणि त्यानंतर तिथे कडक उन्हाळ्यात सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळात उघड्यावरचे काम थांबवण्याचे आदेश निघू लागले. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे, आणि त्या बंदीचा लाभ घेणाऱ्यांत भारतातून गेलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत. जे संरक्षण आपल्या माणसाला परदेशात मिळते ते त्याला कोल्हापुरात देता येणार नाही असे मानायला मी तयार नाही.

आपल्याकडे कायद्याचे साधनही आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण निर्माण केले आणि जिल्ह्याची योजना आखण्याचे काम त्याच्याकडे दिले. मदतनिधीसाठी केंद्राने ठरवलेल्या बारा आपत्तींत थंडीची लाट आली, उष्णतेची राहून गेली. तरीही राज्यांना आपल्या आपत्ती निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तीसाठी वापरण्याची मुभा दिली गेली. 1948 च्या कारखाने कायद्याने 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देण्याचे बंधन घातले होते. बारा-चोवीस मागांचे शेड, दहा माणसांची फाउंड्री किंवा गुऱ्हाळ या आकड्याच्या जवळपासही जात नाही, आणि आपल्या जिल्ह्यातले बहुसंख्य कष्टकरी नेमके तिथेच आहेत.

तेव्हा पातळी कोणती असावी? अभ्यासाने ती पक्की होईपर्यंत 38 अंश ही इशारा पातळी आणि 40 अंश ही धोका पातळी धरावी, आणि दमटपणा अधिक असेल तर दोन्ही पातळ्या दोन अंशांनी खाली आणाव्यात, असे मी सुचवीन. यापेक्षा जाणकारांनी काही वेगळे ठरवले तर ते स्वीकारावे. आकडा जाहीर आणि पक्का असण्याला महत्त्व आहे. इशारा पातळीला पाणी, सावली, दर तासाला दहा मिनिटांची विश्रांती आणि दवाखान्यांत थंड करण्याची सोय सज्ज असावी. धोका पातळीला उघड्यावरचे काम साडेबारा ते चार बंद राहावे आणि तेवढे तास सकाळी लवकर किंवा संध्याकाळी भरून काढता यावेत.

मजुरीचा प्रश्न इथे येतोच, आणि तो टाळून केलेली कोणतीही योजना कागदावर राहील. हमालांसाठी 1969 चा माथाडी कायदा आहे आणि त्याखाली मजुरीवर लेव्ही गोळा होते. बांधकाम कामगारांसाठी 1996 च्या कायद्याने बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर लागू केला आणि राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे तो जमा होतो. धोका पातळीच्या दिवशी गेलेल्या तासांची भरपाई या दोन्ही निधींतून करणे हा त्यांच्या मूळ हेतूचाच विस्तार ठरेल. अहमदाबादच्या 'सेवा' या स्वयंरोजगारी महिलांच्या संघटनेने 2023 पासून असा विमाही करून पाहिला आहे, ज्यात तापमान ठरावीक पातळीवर गेले की नुकसानीचा पुरावा न मागता सदस्य महिलेच्या खात्यात रक्कम जमा होते. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांसाठी, ज्यांना मालकच नाही, हा मार्ग महापालिकेने जरूर तपासावा. यंत्रमाग कामगारांची स्थिती सर्वांत अवघड आहे, कारण त्यांच्यामागे असे भक्कम मंडळ नाही. त्यांच्यासाठी मजुरीच्या दरवाढीच्या वाटाघाटीतच उन्हाळी भत्ता आणि पाळीतली सक्तीची सुट्टी हे विषय आणावे लागतील.

छोट्या मालकाची अडचण मी नाकारत नाही. इचलकरंजीतला आठ मागांचा मालक अनेकदा स्वतःही मागावर उभा असतो, वीजदराने पिचलेला असतो आणि कापडाचा भाव त्याच्या हातात नसतो. म्हणूनच सगळा भार त्याच्यावर टाकता येणार नाही. पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा चुना देण्यासाठी अनुदान मिळाले तर शेडमधले तापमान काही अंशांनी उतरते. तेलंगणाने 2023 मध्ये अशा थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणले. अहमदाबादेतही झोपडपट्ट्यांत हे काम झाले आहे. इचलकरंजीला 2022 मध्ये महापालिका मिळाली. तिने घेण्यासारखे पहिले काम माझ्या दृष्टीने हेच आहे. आणि भोवळ येऊन पडलेल्या कामगारामुळे, दमलेल्या हातांनी सुटलेल्या धाग्यामुळे, बिघडलेल्या साच्यामुळे होणारे नुकसानही मालकालाच सोसावे लागते, हे त्याच्या हिशेबात धरले जावे.

समारंभांचे नियोजन मात्र खर्चाशिवाय बदलता येते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर लाखो भाविक येतात, उंच सासनकाठ्या खांद्यावर पेलत नाचवतात, अनेकजण अनवाणी असतात. यात्रेची तिथी बदलता येत नाही आणि बदलावी असेही कोणी म्हणणार नाही. पण वाटेवरची सावली, पाण्याच्या जागा, थंड उपचारांची केंद्रे आणि दुपारच्या गर्दीची विभागणी ही माणसांच्या हातातली गोष्ट आहे. राजकीय सभा, उद्घाटने आणि शाळांचे कार्यक्रम यांना तर तिथीचे बंधनही नाही. एप्रिल आणि मेमध्ये सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात उघड्यावर मोठी सभा घेण्यास परवानगीच देऊ नये. पाहुणे उशिरा येतात आणि मुले, म्हातारी माणसे मैदानात तापत बसतात, हे आता थांबलेच पाहिजे.

या सगळ्याआधी एक काम महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात करायचे आहे आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. उष्णतेचे बळी म्हणून मोजले जातात ते केवळ उष्माघाताचे शिक्कामोर्तब झालेले मृत्यू. तापलेल्या दिवशी हृदयविकाराने गेलेला हमाल, मूत्रपिंड निकामी होऊन गेलेली म्हातारी, रात्री पत्र्याखाली झोपेत गेलेला माणूस यांच्या दाखल्यावर उन्हाचे नाव नसते. गेल्या दहा वर्षांतल्या मार्च ते मे या महिन्यांच्या नोंदी तारखेनिहाय काढाव्यात, त्यांच्याशेजारी त्या दिवसांचे कमाल, किमान तापमान आणि आर्द्रता मांडावी, आणि छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातल्या दाखल रुग्णांचे आकडेही जोडावेत. शिवाजी विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे एका सत्राचे काम आहे. अहमदाबादने आपले 1,344 मृत्यू याच रीतीने शोधले. हे काम डिसेंबरात सुरू झाले, तर मार्चपूर्वी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर या जिल्ह्याचा स्वतःचा आकडा असेल, आणि गुढीपाडव्याला तो प्रत्येक शेडच्या दारावर, मंडईत आणि मजूर अड्ड्यावर मोठ्या अक्षरांत लावता येईल.